तीन नंबरसाठी एक शब्द

“साखर किती घालू?” मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. आत कोणाचंच लक्ष नव्हतं. समितीचे अध्यक्ष क्राउससाहेब टेबलावर बोट आपटत होते.

“तीन नंबरला जागा एक आणि पोरं दोन. रुबेन की बुलुम्को, एकदाचं ठरवा आणि घरी चला.”

क्लबच्या त्या खोलीत प्रांताच्या वीस वर्षांखालच्या रग्बी संघाची निवड चालली होती. माझा नवरा वुयिसिले समितीवर होता. आठवडाभर नगरपालिकेचं ग्रेडर चालवून खडीचे रस्ते सपाट करायचे आणि शनिवारी आमच्या कोल्वेनीच्या पोरांना स्क्रम शिकवायचा, हे त्याचं आयुष्य. मी क्लबच्या जर्स्या धुते आणि बैठकीला चहा करते. म्हणजे आमच्या घरातली दोन माणसं समितीवर होती, एक खुर्चीत आणि एक किटलीमागे.

वुयिसिले स्वतः जुना तीन नंबर. स्क्रममध्ये आठ जण डोकी खाली घालून समोरच्या आठांना भिडतात. तीन नंबरच्या मानेच्या दोन्ही बाजूंना समोरच्यांची डोकी येतात आणि सगळा भार त्याच्यावर पडतो. तो वाकला की अख्खी फळी कोसळते. त्या घासाघाशीत वुयिसिलेचे कान तळलेल्या पिठाच्या गोळ्यांसारखे झालेत. लग्नात माझ्या बहिणी म्हणाल्या होत्या, “अगं, याला ऐकू तरी येतं का?” मी म्हटलं, येतं सगळं, उत्तर तेवढं देत नाही.

त्या दिवशीही तेच झालं.

“रुबेनचं वजन जास्त, शाळा मोठी,” प्रिंगलमास्तर म्हणाले. “पण बुलुम्कोसमोर त्याला दोनदा मागे सरकावं लागलं. मी पाहिलंय.”

“आणि वर्तमानपत्रं?” फोर्ट्वेन म्हणाला. तो जुना खेळाडू, बोलायला फटकळ. “काळा बुलुम्को घेतला तर म्हणतील राखीव जागा भरली. गोरा रुबेन घेतला तर म्हणतील सुधारणार नाहीत हे. काहीही करा, शिव्या ठरलेल्या.”

“पेपर गेले खड्ड्यात,” क्राउससाहेब म्हणाले. “वुयिसिले, पोरगा तुझ्या हाताखाली वाढला. तू सांग. कसा आहे?”

मी किटली खाली ठेवली. म्हटलं, आता बोल बाबा. एक शब्द टाक आणि पोराचं सोनं कर.

वुयिसिलेने टोपी हातात फिरवली. “त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही,” तो म्हणाला.

“काहीच नाही?”

“नाही. तुम्ही ठरवा.”

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं. आणि मला सगळं कळलं. ते कळणारं त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. समितीतले न्जोबेसर असते तर हसून म्हणाले असते, ‘अहो, हा तोलो कुळाचा, तो पोरगाही तोलो, हा कसा बोलेल?’ पण शनिवार होता आणि न्जोबेसर अंत्यविधीला गेले होते. आमच्याकडे शनिवारी कोणी ना कोणी मातीला जातंच.

बुलुम्को चौदाचा असताना पहिल्यांदा आमच्या अंगणात आला. धुळीने माखलेला, अनवाणी. वुयिसिलेने विचारलं, “कोण रे तू?” पोराने आधी कूळ सांगितलं, मग पूर्वजांची नावं एकामागून एक, न अडखळता. “मी तोलो,” म्हणाला. वुयिसिले उठून उभा राहिला. झालं. त्या दिवसापासून हा बाप आणि तो लेक. आडनावं वेगळी, गावं वेगळी, रक्ताचं नातं शोधूनही सापडणार नाही. पण कूळ एक. एका कुळात लग्न होत नाही, एका कुळात परका नसतो. मी स्वतः राडेबे कुळाची, म्हणून नवरा मला अजून माराडेबे म्हणतो. पोरगा आमच्याकडे जेवला, आमच्याकडे वाढला, माझ्या पातेल्याचे तळ त्याने दाखवले. देवाने मला मुली दिल्या. हा एक मुलगा वुयिसिलेला असा दारातून चालत मिळाला.

आणि बापाने चारचौघांत उठून स्वतःच्या लेकाचे गोडवे गायचे? आमच्यात जीभ झडली तरी कोणी गाणार नाही.

चहाच्या वेळी मी त्याला बोळात गाठलं.

“तोलो, तोंडात काय दगड धरलायस? पोराची शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी वय उलटेल त्याचं.”

“ठाऊक आहे मला.”

“मग बोल की!”

“बापाने शिफारस केली तर त्या निवडीला काय किंमत? पोरगं आयुष्यभर ऐकेल, बापाने घुसवला म्हणून. त्यांना डोळे आहेत. त्यांनी पाहिलंय.”

“अरे, त्यांना तुझं कूळ काय माहीत? त्यांच्या कागदावर तू माटिवाने आणि तो सोकुपा!”

“मला माहीत आहे ना,” तो म्हणाला. “बास कर, माराडेबे.”

तो आत गेला. थोड्या वेळाने मी हात वर होताना पाहिले. दोन रुबेनला, एक बुलुम्कोला. वुयिसिलेचा हात टेबलाखाली होता.

रुबेनवर माझा राग नाही. शेतावरचं साधं पोर ते. पाण्याचे जड डबे माझ्या हातातून घेऊन स्वतः उचलतं. माझा राग त्या दिवसावर होता.

मी कप विसळत होते तेव्हा क्राउससाहेब आत आले. “पाव छान झाले होते,” म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक विचारू? त्या पोराचं काय बिनसलंय? दारू? पोलीस? तुमचा नवरा भला माणूस, वाईट बोलायचं नाही म्हणून गप्प बसला, एवढं आमच्या लक्षात आलं. खरं सांगतो, मी बुलुम्कोलाच हात वर करणार होतो.”

मी हात पुसले. मी त्यांना सांगितलं. कूळ म्हणजे काय, बाप म्हणजे काय, सगळं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“अहो, मग एवढंच म्हणायचं होतं त्याने!” ते म्हणाले. “माझा मुलगा आहे म्हणून बोलत नाही, एवढंच!”

“आता बदला ना.”

“रुबेनच्या वडिलांना फोन झालाय. बाहेर नावं वाचून झालीत.” ते खुर्चीवर बसले. “आता त्या पोराच्या तोंडचा घास कसा काढू?”

पिकअपमध्ये बसल्यावर मी वुयिसिलेला सांगितलं. सांगायला नको होतं का? मला ते पोटात ठेवता आलं नसतं, आणि मी ठेवणारी बाईही नाही. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरला आणि तारेच्या कुंपणाला धरून उभा राहिला. पलीकडे कोणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या. मला वाटलं रडेल. रडला असता तर बरं झालं असतं.

“त्यांना वाटलं पोरात खोट आहे,” तो परत येऊन म्हणाला. “माझ्यामुळे वाटलं.”

घरी फाटकाशी बुलुम्को उभा होता. धुतलेला सदरा, चकचकीत बूट. आमची तोंडं बघूनच त्याला समजलं.

“नाही झालं,” वुयिसिले म्हणाला. “मला विचारलं, तुझ्याबद्दल सांग म्हणून. मी बोललो नाही.”

बुलुम्कोने मान खाली घातली. मी मनात म्हणत होते, ओरड रे. शिव्या घाल याला. मीही घालते तुझ्याबरोबर.

“कसे बोलणार, ताता?” तो म्हणाला. “आपण तोलो.”

त्याला सांगावंच लागलं नाही. तेच मला सहन झालं नाही, मी आत जाऊन पातेली उगाच आपटली. तो जेवायला बसला, पण पातेल्याचा तळ काही दिसला नाही.

पुढे महिनाभर रेडिओवर लोक रंगावरून भांडत होते. एक म्हणे काळ्या पोराला डावललं, दुसरा म्हणे गुणाला किंमत मिळाली. अरे मूर्खांनो, इथे काय घडलं ते तुमच्या बापालाही कळायचं नाही! दारूच्या गुत्त्यावर एकाने वुयिसिलेला तोंडावर विचारलं, “गोऱ्यांनी काय दिलं रे तुला?” वुयिसिलेने त्यालाही उत्तर दिलं नाही.

बुलुम्को रुस्टेनबर्गला खाणीत गेला. चुलतभावाने जागा धरून ठेवली होती. बसमध्ये चढताना त्याने वुयिसिलेचा हात दोन्ही हातांत धरला. रविवारी फोन करतो. मी एकदा विचारलं, “खेळतोस का रे तिकडे?”

“नाही, माई. पण खांदे वाया गेले नाहीत. खाली ड्रिल धरायला कामी येतात.” आणि हसला. मी फोन वुयिसिलेकडे दिला आणि शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेले. शेळ्या नुकत्याच पाणी प्यायल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बैठक. वुयिसिले जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्याने कोट घातला, बूट पुसले आणि गाडीत माझी वाट बघत बसला.

तीन नंबरवर यंदा वाद नव्हता, एकच पोरगा होता. क्राउससाहेबांनी वही मिटायला घेतली, तेव्हा वुयिसिले उभा राहिला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

“गेल्या वर्षी तुम्ही मला बुलुम्को सोकुपाबद्दल विचारलं होतं,” तो म्हणाला.

“वुयिसिले,” प्रिंगलमास्तर हळूच म्हणाले, “त्याचं वय आता...”

“ठाऊक आहे. विचारलं होतं, म्हणून सांगतो.”

आणि तो बोलला. माझ्या नवऱ्याला सलग इतकं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पोरगा पाठ कशी सरळ ठेवायचा, स्क्रम कोसळला तर समोरच्याची मान आधी कशी सोडवायचा, हरल्यावर पंचाशी हात मिळवल्याशिवाय मैदान कसं सोडायचा नाही. कोणी त्याला थांबवलं नाही. न्जोबेसर यंदा होते, त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“त्याच्यात काही खोट नव्हती,” वुयिसिले म्हणाला. “तो माझा मुलगा आहे.”

मग तो खाली बसला आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

खिडकीतल्या ट्रेवरचा चहा गार झाला होता. मी तो ओतून दिला आणि सगळ्यांसाठी नवा टाकला. साखर किती घालू, हे या वेळी मी कोणाला विचारलं नाही.