अमरवेल आणि दोन कर्ते मुलगे

रुखमाबाईंनी लिंबूच्या फांदीवरचा पिवळा दोरा ओढला. तो तुटला, अर्धा हातात आला आणि अर्धा मेंदीच्या कुंपणात राहिला. कालही असंच झालं होतं. अमरवेलीला ना मूळ, ना पान. दुसऱ्याच्या अंगावर संसार मांडायला तिला एक तुकडा पुरतो. कुंपणाची मेंदी तिने केव्हाच पिवळी केली होती, आता लिंबूची पाळी होती.

"श्रीहरीभाऊ!" त्यांनी कुंपणाला हाक मारली.

"बोला बाई," कुंपण म्हणालं.

"तुमची वेल माह्या लिंबूवर चढली जी. निकेशले कापाले लावा ना."

"ड्युटीवरून आला का सांगतो. तवर तुमचा आदेश तिकडून कापत असन, त कापू द्या."

"आदेशले टाइम कुठी हाय?"

"तेच त निकेशचं हाय."

मग दोघंही आपापल्या मुलावर नाराज होऊन आत गेले.

वरोऱ्याच्या त्या नव्या लेआउटमध्ये घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. रुखमाबाईंचं घर आणि श्रीहरीभाऊंचं घर पाठीला पाठ लावून उभी होती, फाटकं मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत. त्यामुळे दोन वर्षांत त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. पुरुषभर उंच मेंदीतून फक्त आवाज येत-जात. श्रीहरीभाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. अमरवेल तेलात उकळून लावली की टकलावर केस येतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. माजरीच्या रस्त्यावरच्या बोरीवरून त्यांनी ओंजळभर वेल आणली, अर्धी उकळली आणि उरलेली कुंपणावर टाकली. केस आले नाहीत. वेल आली. हे त्यांनी स्वतःच कुंपणातून सांगितलं होतं.

रुखमाबाईंनी मात्र एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. आदेश पुण्याला होता. जाताना बजावून गेला होता, "आई, तू एकटी राह्यते हे कोणाले कळू देऊ नको. जमाना खराब हाय." म्हणून दिवेलागणीला त्या परसात येत आणि मोठ्याने म्हणत, "आदेश, मागचं दार लाव रे!" मग आत जाऊन दार स्वतःच लावत. सुरुवातीला लाज वाटायची. पुढे सवय झाली. कधीकधी ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल त्या त्याला रागवायच्यासुद्धा.

थोड्या वेळाने पलीकडून श्रीहरीभाऊंचा आवाज यायचा, "चंचल, जेवाले वाढ वं!" मुलगा, सून, गरम जेवण. रुखमाबाई तो आवाज ऐकत आपलं ताट घ्यायच्या. भात जरा कोरडा लागायचा.

कृषी केंद्रातल्या माणसाने उपाय सांगितला होता. वेल ओढून जात नाही. कुंपणासकट जमिनीपर्यंत कापा, जाळा, नाहीतर लिंबूचं झाड गेलं समजा. रुखमाबाईंना लिंबू हवं होतं, पण कुंपण त्याहून जास्त हवं होतं. मेंदी गेली की सगळं उघडं. एकट्या माणसाचं परस कोणालाही ओळखू येतं.

लिंबूचा शेंडा पिवळा पडला, तेव्हा त्यांनी लेआउट झोपतं ती दुपारची वेळ निवडली. कर्ता मुलगा घरात असताना आईने कोयता चालवायचा, म्हणजे आदेशच्या अब्रूचाही प्रश्न होता. तोंडाला पदर बांधून त्यांनी कोयता उचलला.

पहिला घाव घातला. पलीकडून प्रतिध्वनी आला. दुसरा घातला, पुन्हा आला. त्या थांबल्या. प्रतिध्वनीने आणखी एक घाव घातला आणि मग तोही थांबला.

फांदी कलंडली. तोंडाएवढं भोक पडलं आणि त्यात तोंड होतं. घामेजलेलं, टकलावर दुपट्टा बांधलेलं.

"निकेशले अचानक ड्युटी लागली," तोंड म्हणालं.

"आदेशची रातपाळी झाली. झोपला हाय," रुखमाबाई म्हणाल्या.

"झोपू द्या, झोपू द्या."

श्रीहरीभाऊंच्या मागे दोरीवर एक लुंगी आणि एक बनियन वाळत होतं. नळाजवळ एक ताट, एक पेला. रुखमाबाईंच्या खांद्यावरून श्रीहरीभाऊंचीही नजर पायरीवरच्या चपलांच्या एकाच जोडावर जाऊन आली. मग दोघांनी आपापल्या वाट्याच्या मेंदीकडे पाहिलं आणि कामाला लागले.

यापुढे श्रीहरीभाऊ घाव अगदी हळू घालू लागले. फांदी पडताना हाताने झेलून खाली ठेवत. रुखमाबाईंना कळेना.

"एवढं हळू काऊन करून राह्यले जी?"

"पोराची झोप मोडन ना," ते कुजबुजले.

रुखमाबाईही हळू कापू लागल्या.

ऊन उतरेपर्यंत कुंपण संपलं. मोकळ्या प्लॉटवर ढीग करून त्यांनी तो पेटवला. ओली वेल जळायला तयार नव्हती. श्रीहरीभाऊ घरातून जुनी रद्दी आणून टाकत राहिले. लिंबूचा शेंडाही छाटावा लागला, पण झाड राहिलं.

दिवेलागण झाली. रुखमाबाई नेहमीच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. समोर मेंदीची बोटभर खुंटं, त्यापलीकडे पायरीवर बसलेले श्रीहरीभाऊ. रुखमाबाईंनी तोंड उघडलं. हाक आली नाही. त्या पदर आवरून आपल्या पायरीवर बसल्या.

मग श्रीहरीभाऊंनी घसा साफ केला आणि मान आपल्या घराकडे वळवली. आत दिवा लावलेला नव्हता.

"चंचल, जेवाले वाढ वं," ते म्हणाले. आवाज रोजच्यापेक्षा फार लहान होता.

घरातून उत्तर आलं नाही. त्यांनी मान तशीच वळवून ठेवली.

"वाढलंच समजा जी," रुखमाबाई इकडून म्हणाल्या.

श्रीहरीभाऊंची मान हळूहळू परत आली.

"भाजी कायची हाय?"

"बसा. पाहून सांगीन," म्हणत रुखमाबाई आत गेल्या. भाजी अजून चिरायची होती.