पुसून टाकलेला प्रश्न

दर्यापूरच्या त्या मंडपात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. महाराज डोळे मिटून समोरच्याच्या मनातला प्रश्न सांगत. तो कुणाला बोलायचा नाही, चिठ्ठीवरही लिहायचा नाही. नंबर लावताना महाराजांच्या वेबसाइटवरच्या चौकटीत टाइप करायचा आणि आपल्याच हाताने पुसून टाकायचा. पुसलेलं फक्त देव वाचतो, असं महाराजांचं म्हणणं.

माझी वहिनी सत्यवतीही तिथे गेली. विहीर आटली, भाजीचे वाफे वाळले आणि एका सकाळी माझा भाऊ देवीदास मोबाइल घरीच ठेवून निघून गेला होता. महाराजांनी नावानिशी सांगितलं, देवीदास जिवंत आहे. नऊ गुरुवार ये, तोवर पोलिसांत गेलीस तर त्याची वाट तुटेल. वहिनीने तक्रार दिली नाही. मी भांडले, तर म्हणाली, "मी कोणालेच बोलली नोती, रागिणी. मंग त्याईले नाव कसं समजलं?"

उत्तर माझ्याच टेबलावर आलं. अमरावतीत ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ही वेबसाइट होती, तिथे मी नोकरीला होते. वेबसाइटवर कोण आलं, काय केलं, याची ओळ सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. कोणत्या ओळीचा अर्थ काय, याचं माहितीपत्रक सांभाळणं हे माझं काम. एक लॉग भलताच फुगला होता; कारण शोधून पत्रकात लिही, असं साहेब म्हणाले. मी तो उघडला. 'माहा'. 'माहा माणूस'. 'माहा माणूस देवीदास जित्ता हाय का'. बोट पडेल तशी ओळ, शेजारी नंबर लावणाऱ्याचं नाव. वहिनी दर आठवड्याला तेच लिहीत होती. पुसण्याआधीच सगळं सर्व्हरवर पोचायचं, आणि बुधवारी महाराजांचा माणूस ती फाइल उतरवून घ्यायचा.

मग मीही नंबर लावला. माझी मुलगी जयवंता कधी सापडेल, असं लिहिलं आणि पुसलं. वहिनीच्या सातव्या गुरुवारी तिच्यासोबत गेले.

"जयवंता पाण्याजवळ हाय," महाराज म्हणाले. "नऊ गुरुवार ये, माय."

"माहं तं लगनच नाही झालं," मी म्हणाले, आणि लॉगमधून छापून आणलेल्या माझ्या प्रश्नाच्या ओळी सगळ्यांना वाचून दाखवल्या.

महाराज गडबडले नाहीत. ती मागच्या जन्मातली लेक, म्हणाले. काहींनी या उत्तरालाही हात जोडले. बरेच जण मात्र गुपचूप उठले.

बाहेर वहिनीने विचारलं, "मंग ते जित्ते हायेत, हेबी खोटंच का?"

"थे मले माईत नाही, वैनी. पण त्यालेबी माईत नाही."

आम्ही तिथून थेट ठाण्यात गेलो. तीन दिवसांत पत्ता लागला. तिसऱ्या गुरुवारनंतर देवीदासला अकोल्याच्या एका दवाखान्यात कुणीतरी बेशुद्ध आणून टाकलं होतं. तो बारा दिवस जगला. नाव सांगायला कुणी नव्हतं. वहिनीने फोटोवरून ओळखलं.

लॉग का फुगला, ते मी पत्रकात लिहिलं आणि कंपनीने ती वेबसाइट बंद केली. महाराज दुसऱ्या गावी गेले म्हणतात. तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे याला कळलं कुठून? आणि घरचं माणूस हरवलं, तर त्याच दिवशी ठाण्यात जा.