जोडीनं घेतलेली कार्डं

सुई मखमलीत रुतून उभी राहिली तेव्हा काकू पलीकडच्या खोलीत रीळं लावत होत्या. यंत्र थांबलं हे कळायला त्यांना डोळे लागत नसत, कान पुरत.

"गेलं का परत?"

"गेलं," सून म्हणाली.

"मग बसलीस काय? उठव त्याला!"

उठवायचं कुणाला, हेच सुनेला कळेनासं झालं होतं. संगणक जागा होता, भरतकामाचं यंत्रही जागं होतं. दोघांचं बोलणं तेवढं तुटलं होतं, एका घरात राहून अबोला धरल्यासारखं.

काकूंचा कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि हे एक थोराड यंत्र. सून संगणकावर नक्षी काढायची, ती केबलमधून यंत्राकडे जायची आणि यंत्र ती कापडावर उतरवायचं. मोठी नक्षी यंत्राच्या पोटात एकदम मावत नसे, म्हणून घासाघासानं भरवावी लागे. मागे विजेच्या दणक्यात संगणकाचं केबल लावायचं भोक जळलं, तेव्हा त्यात एक वेगळं नेटवर्क कार्ड बसवलं होतं. घास पुढे सरकवायचं काम त्या कार्डाचं. मधेच घास अडला, की सुई जागच्या जागी उभी.

एरवी कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण यंत्रात या वेळी नाटकमंडळीचा दर्शनी पडदा होता. गडद जांभळी मखमल, तिच्या काठानं सलग चढत जाणारी सोनेरी वेल. मखमल मंडळींनीच आणून दिली होती, आणि त्या रंगाचा आणखी हातभरसुद्धा तुकडा मिळणार नाही, असं बजावून गेले होते. मखमल साध्या कापडासारखी समजूतदार नसते. एकदा टोचलं की ती विसरत नाही. चौकटीतून काढावी, तर परत तशीच बसत नाही, वेल तिरकी चढते. म्हणून ती चौकटीतच आवळलेली, आणि वेल अर्ध्यावर लोंबकळलेली. यंत्र थांबे तिथे दोऱ्याची एक गाठ होई. काकू रोज भिंग घेऊन त्या गाठी बघत आणि रोज नवा दोषी शोधत.

आधी सुनेचा नंबर लागला. "तू मधेमधे फोन बघतेस, त्यानं होतं."

"आई, माझ्या फोनचा आणि याचा काय संबंध?"

"संबंध नसता तर मी बोलले असते?"

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणे, म्हणून घरात त्याचं नावच होऊनजाईल पडलं होतं. त्यानं आल्या आल्या कार्डावर बोट ठेवलं. "काकू, बहुतेक हेच गेलंय."

काकूंनी कपाट उघडलं आणि सीलबंद डबी त्याच्या हातावर ठेवली. यंत्राची कुठलीही वस्तू घ्यायची तर जोडीनं, हा त्यांचा नियम. एक यंत्रात, एक कपाटात. सुईपासून पट्ट्यापर्यंत सगळं तसंच. ही दोन कार्डंही त्यांनीच आणली होती. दुकानदाराला भावात असं कोंडीत पकडलं होतं की शेवटी त्यानं हात जोडले, ही गोष्ट त्या अजून आल्यागेल्याला ऐकवत.

नवं कार्ड बसलं. सुई चालली, वेलीला दोन पानं फुटली, आणि परत ठप्प.

"म्हणजे कार्ड नाही," होऊनजाईल म्हणाला. "नवंकोरं बसवूनही तेच, म्हणजे दुसरीकडे आहे."

इथून सगळ्यांचे हाल सुरू झाले. त्यानं केबल बदलली. केबल जिथे जोडतात ती दिव्यांची पेटी बदलली. संगणक पुसून नव्यानं भरला आणि सुनेच्या अर्ध्या नक्ष्या त्यात वाहून गेल्या. तपासायला बसला की सगळे दिवे हिरवे, सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं. तो जिना उतरला की सुई ठप्प.

"तू इथेच राहायला ये," काकू म्हणाल्या. "तुझ्या धाकानं तरी चालेल."

"होऊन जाईल काकू, विजेचा दाब बघतो."

"अरे, माझा दाब बघ आधी! इथे फुटायची वेळ आलीय." मग सुनेकडे वळून, "आणि तू हसू नकोस. मंडळी आली म्हणजे अर्धी वेल घेऊन तुलाच उभी करीन मंचावर."

सून हसत नव्हती. पुसलेल्या नक्ष्यांसाठी तिनं दातओठ खाल्ले होते, पण कुणाकुणावर खायचे?

आज सुई थांबली तेव्हा होऊनजाईल घरातच होता, संगणकाचं झाकण काढून पंख्यातली धूळ झटकत. सुनेनं "गेलं" म्हटलं तसा त्यानं घाईनं आत हात घातला आणि चटकन काढून बोट तोंडात घातलं.

"काय झालं? शॉक?"

"नाही काकू. तापलंय. कार्ड तव्यासारखं तापलंय."

"मग ते पहिलं? तेही तापायचं?"

होऊनजाईलनं तोंडातलं बोट काढलं. पहिलं त्यानं हात लावून बघितलंच नव्हतं. कपाटातलं कोरं आहे म्हणजे चांगलंच असणार, असं तोही धरून चालला होता.

"दोन्ही एकदम कशी बिघडतील?" सून म्हणाली.

"बिघडू देत," काकू म्हणाल्या. "गॅरंटी कशाला असते मग? कंपनीकडे तक्रार कर. दोन्ही बदलून देतील, झक मारत."

सुनेनं फोनवर कंपनीचं पान उघडलं. तिथे कार्डाचा नंबर मागत होते. होऊनजाईलनं संगणकातलं कार्डही काढून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी भिंग लावलं आणि पहिल्या कार्डावरची चिठ्ठी एकेक आकडा सुटा करत वाचली. शाळा फार झाली नसली तरी आकड्यात त्यांना कुणी हरवलं नव्हतं.

"आता दुसऱ्याचा."

काकूंनी वाचला.

"आई, दुसऱ्याचा सांगा."

"दुसऱ्याचाच सांगतेय."

"हा आत्ताच सांगितलात. तुम्ही परत पहिलंच उचललंत."

"मी? हे बघ, पहिलं या हातात, दुसरं या हातात. मला हात कळत नाहीत का माझे?"

"पान म्हणतंय, हा नंबर भरलेला आहे!"

"पानाला म्हणावं, तूच वाच मग!"

सून तणतणत उठली आणि दोन्ही कार्डं हिसकून घेतली. एकाकडे बघितलं. मग दुसऱ्याकडे. मग परत पहिल्याकडे. तिचा चढलेला आवाज मधेच उतरला.

"आई. नंबर एकच आहे."

"तेच तर मी केव्हापासून—" काकू बोलता बोलता थांबल्या.

होऊनजाईलनं कार्डं घेतली. "असं होत नाही, काकू. प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा असतो, एका घरात दोन भाऊ असले तरी अंगठ्याचे ठसे वेगळे असतात तसा. कुणीतरी एक खरं कार्ड समोर ठेवून ढिगानं काढलीत ही, चिठ्ठीसकट." त्यानं डाग काढायच्या स्पिरिटमध्ये चिंधी बुडवून काळ्या चिपवर फिरवली. कंपनीचं नाव निघून चिंधीवर आलं. खाली नुसतं खरवडलेलं काळं.

काकू चिंधीकडे बघत राहिल्या. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. एक कार्ड असतं तर पहिल्याच फेरीत दुसरीकडून दुसरं आणलं असतं आणि सुटलो असतो. खोट्याला खोट्यानंच तपासत बसलो, आणि तेही आपल्याच कपाटातल्या.

"दुकानदारानं हात जोडले होते ना," सून एवढंच म्हणाली.

"जोडले होते. आता परत जोडायला लावते!" काकूंनी पिशवीत दोन्ही कार्डं कोंबली, चपला घातल्या, आणि दारातच थांबल्या. मखमलीकडे बघितलं. चपला काढल्या. "ते नंतर. आधी तू जा रे. खरं कार्ड आण. जुनं असलं तरी चालेल, मळकं चालेल, खरं आण. आणि एकच आण."

त्यानं आपल्या अडगळीतल्या एका मोडक्या संगणकातलं काढून आणलं, धुळीनं माखलेलं. तेच बसवलं. सुई हलली. सून संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली, काकू वेलीकडे. होऊनजाईल दर थोड्या वेळानं आत बोट लावून बघे आणि मान डोलावे. पान, कळी, पान, वळण. दुपार कलली तेव्हा शेवटची कळी भरून यंत्र आपणहून थांबलं. या वेळी "गेलं का" असं कुणी विचारलं नाही.

काकूंनी चौकटीचे स्क्रू सोडले. मखमल बाहेर आली ती दबलेला चौकोन घेऊनच. इतके दिवस आवळल्यानं तिची लव तिथे बसून गेली होती, उजेडात ओरखड्यासारखी दिसत होती.

होऊनजाईल म्हणाला, "लांबून नाही दिसणार, काकू."

"मलाही जवळून दिसलं नव्हतं," काकू म्हणाल्या. त्यांनी पडदा उलटा धरला, मागून वाफेची इस्त्री लावली आणि मऊ ब्रशनं लव उठवायला लागल्या. एक कड उठली, दुसरी अर्धीच. सून समोर येऊन पडद्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"ताणून धर. असं नाही, असं. आणि गाठींसाठी बारीक कातर काढून ठेव. हे झालं की एकेक सोडवायची आहे."

"सगळ्या निघतील?"

"निघतील तेवढ्या काढू," काकू म्हणाल्या, आणि इस्त्रीत पाणी भरायला सांगितलं.