पत्ते वाटणारे दोघे

सत्यशीलाबाईंनी तेहतीस वर्षं अंगणवाडी चालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसून चार महिन्यांत त्या इतक्या कंटाळल्या की वणीतल्या त्यांच्या वस्तीच्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेची किल्ली त्यांनी स्वतःच मागून घेतली. तिथे भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरंपोरी यायची. वर्गणीतून घेतलेले बारा संगणक होते, आणि ते सगळे जोडून दिले होते शेजारच्या धम्मदीपने. त्याला नागपूरला नोकरी लागली, तेव्हा जाण्याआधी आठ रविवार बसून त्याने बाईंना शिकवलं.

"काकू, हे संगणक एकमेकांशी ठरलेल्या रीतीनंच बोलतात," तो म्हणाला होता. "प्रत्येकाले पत्ता लागते. त्या पत्त्यावर हाक मारायची, समोरच्यानं ओ द्यायची. या रीतीले प्रोटोकॉल म्हणतात."

"म्हणजे लग्नातल्या मानपानासारखं. रीत चुकली का बोलणंच बंद!"

"अगदी तसंच. अन् बिघडलं तर घाबरायचं नाही. जवळून सुरुवात करायची, मग लांब जायचं."

सगळ्यात जास्त बाईंना आवडली ती हाक. तिचं नाव पिंग. पहिल्याच दिवशी धम्मदीपने त्यांना संगणकाकडून त्याला स्वतःलाच हाक मारायला लावली. पडद्यावर चार ओळी उमटल्या: उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं, उत्तर आलं. "अव्वो माय! हा तर आरशापुढं उभा राहून आपल्याच नावानं ओरडून राह्यला," म्हणत बाई हसत सुटल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे कितीतरी दिवस त्या भाजी निवडतानासुद्धा मध्येच "पिंग!" म्हणायच्या आणि त्यांचे यजमान नागोराव दचकायचे.

नागोराव कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. ते आणि त्यांचे मित्र सदाशिवराव विहाराच्या मागच्या खोलीत बसून मोबाइलवर कबड्डीचे सामने पाहायचे. आपल्या बायकोचं हे नवं वेड त्यांना कौतुकाचं वाटायचं, पण तोंडावर ते म्हणायचे, "या वयात कायले पाह्यजे हे?"

त्या रविवारी अभ्यासिकेत सराव परीक्षा होती. पेपर बाराही संगणकांना पुरवायला ठेवलेल्या कोपऱ्यातल्या तेराव्या संगणकावर होता. धम्मदीपने लांबूनच तो असा लावून ठेवला होता की बरोबर अकराला आपोआप सुरू होईल आणि बाराला बंद. मुकुटबनच्या पलीकडच्या एका खेड्यातून चार मुली सकाळच्या बसने आल्या होत्या. उरलेली आठ पोरं वणीचीच. सव्वादहाला सगळ्यांनी आपापले संगणक सुरू केले आणि पाच जणांच्या पडद्यावर पेपरचं पान आलं. सात जणांच्या पडद्यावर काहीच नाही.

"बाई, आमचं काहून नाही येऊन राह्यलं?" पुढच्या रांगेतल्या खुशीने विचारलं. खुशी त्या चार मुलींपैकी एक.

बाईंनी धम्मदीपला फोन लावला. रविवार असूनही त्याची ड्यूटी होती, आणि कारखान्यात फोन दारावरच जमा करावा लागायचा. घंटी वाजत राहिली. मग एकाएकी बाईंच्या लक्षात आलं की आता इथे विचारायला दुसरं कोणीच नाही, म्हणजे हे सगळं आपणच करायचं! आणि त्यांना गुदगुल्याच झाल्या. साडीचा पदर खोचून त्या खुशीच्या खुर्चीत बसल्या.

जवळून सुरुवात. वायर नीट बसली होती, मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. संगणकाने स्वतःला हाक मारली, ओ आली. मग कोपऱ्यातल्या संगणकाला हाक मारली, तर तिथपर्यंत वाटच नाही असं उत्तर.

"तुझा पत्ता काय आहे रे बापा?" असं संगणकालाच विचारत बाईंनी आज्ञा टाइप केली. पत्ता आला: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, पाच.

त्या उठून चालणाऱ्या संगणकाकडे गेल्या. तिथला पत्ता होता एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एकशे तीन. त्यांनी बाराही संगणक तपासले. चालणाऱ्या पाचांच्या पत्त्यात तिसरा आकडा एक होता, अडलेल्या सातांच्या पत्त्यात शून्य.

बाईंनी टाळीच वाजवली. "पोरांनो, हे सातजण दुसऱ्याच गल्लीत राहून राह्यले!"

पोरं गोंधळून पाहत राहिली. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन गल्ल्या काढल्या. सकाळी संगणक सुरू झाला की तो ओरडून विचारतो, मला पत्ता कोण देतं? आपला राउटर देतो, एक नंबरच्या गल्लीतला. पण आज त्याच्याआधीच दुसरं कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होतंय, आणि ते शून्य नंबरच्या गल्लीतले पत्ते वाटतंय. जो आधी बोलला त्याचा पत्ता संगणक धरून बसतो.

"लसीकरणाच्या दिवशी दोन बाया नंबर वाटाले बसल्या तर काय व्हते? तसं झालं हे. आता ती दुसरी बाई शोधायची."

साडेदहा वाजून गेले होते. बाईंनी खुशीच्या संगणकावरून त्या अनोळखी पत्ते वाटणाऱ्याला, म्हणजे शून्य गल्लीच्या एक नंबरच्या पत्त्याला (वाटणारा बहुधा तिथेच राहतो), न थांबता हाका मारायला लावल्या. ओळीमागून ओळ उत्तर येऊ लागलं.

"मी तिकडं एकेक वायर काढतो," बाई खुशीला म्हणाल्या. " उत्तर बंद पडलं का तू ओरड."

भिंतीवरच्या स्विच नावाच्या पेटीत सगळ्या वायरी येऊन मिळत होत्या. चिठ्ठी लावलेल्या वायरी बारा संगणकांच्या आणि अभ्यासिकेच्या राउटरच्या होत्या. त्या बाईंनी सोडल्या. तीन वायरींना चिठ्ठीच नव्हती. पहिली काढली.

"येऊन राह्यलं, बाई!"

ती परत लावून दुसरी काढली.

"येऊनच राह्यलं!"

तिसरी काढली.

"गेलं!" खुशी किंचाळली.

"अबे, गेलं!" मागच्या खोलीतून नागोरावांचा आवाज आला.

बाराही माना मागच्या भिंतीकडे वळल्या. बाईंनी वायर परत लावली.

"आलं!" खुशी म्हणाली.

"आलं, आलं!" मागून सदाशिवराव ओरडले.

वायर काढली. "गेलं!" लावली. "आलं!" आता बाराही पोरं पोट धरून हसत होती. एवढ्यानेच खात्री पटली होती, पण बाईंनी आणखी दोनदा तसं केलं, केवळ मजेखातर. हसून हसून त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मागच्या खोलीत जाऊन पाहतात तर खिडकीत घरचा जुना राउटर दिमाखात बसलेला, आणि भिंतीतून आलेली वायर त्याच्या पिवळ्या भोकात खुपसलेली.

"हे कोणी आणलं?"

"मीनंच," नागोराव म्हणाले. "इथं रेंज येत नाही ना. काल रात्री माळ्यावरून काढला. मस्त चालते! पण आज मघापासून भलतंच करून राह्यला. रेडर लाइनपाशी आला का गायब."

"अहो, तुमचा हा राउटर माह्या पोरांले पत्ते वाटून राह्यला!"

"पत्ते?" सदाशिवराव घाबरून म्हणाले. "नाही हो वहिनी, आमी पत्ते नाही खेळत. कबड्डीच पाहून राह्यलो."

बाईंना पुन्हा हसू फुटलं. बोलायला शब्दच सापडेनात. त्यांनी नुसतीच वायर उपसली, राउटर काखोटीला मारला आणि धावत परत आल्या. त्यांच्या मागे नागोराव, नागोरावांच्या मागे सदाशिवराव.

दहा पन्नास. "सातही जणं ऐका! जुना पत्ता सोडायचा, नवा मागायचा. मी सांगतो तसं टाइप करा." सात कळफलक एकदम खडखडले.

"एक, एकशे सात!" खुशी ओरडली.

"एक, एकशे आठ!"

"माह्यं बी आलं! एकशे नऊ!"

प्रत्येक नव्या पत्त्याला नागोराव टाळ्या वाजवू लागले. कशासाठी ते त्यांना धड ठाऊक नव्हतं. सातव्याचा पत्ता आला तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. पेपर बाराही पडद्यांवर उघडला आणि खोलीत एकदम चिडीचूप झालं. बाई मात्र तोंडात पदराचा बोळा धरून दाराबाहेर पळाल्या, कारण हसू आवरत नव्हतं.

कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत धम्मदीपचा फोन आला. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"काकू, मी असतो तर आधी तुमचा राउटरच बदलला असता," तो म्हणाला. " दिवस गेला असता."

"मग पुढचा धडा कधी शिकवतो, ते सांग," बाई म्हणाल्या. "आता मले थांबवत नाही."

इकडे खुशी डबा आवरून परतीच्या बससाठी निघाली होती, ती दारातच रेंगाळली. तिच्या गावच्या वाचनालयातही सहा संगणक होते आणि ते महिनाभर एकमेकांशी बोलतच नव्हते. "बाई, तुमी येसान का पाह्याले?"

"येतो ना! मंगळवारी येतो."

मंगळवारी सकाळी सत्यशीलाबाई मुकुटबनच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या. पिशवीत धम्मदीपची वही होती, पक्कड होती आणि चिठ्ठ्या लावायला चिकटपट्टी होती. शेजारी नागोराव वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसले होते आणि मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला मोठ्या अभिमानाने समजावून सांगत होते की आधी स्वतःलाच हाक मारून पाहावी लागते.