पडद्यावर फक्त पाय

मी एक जुना नव्हे, जेमतेम तीन वर्षांचा चपलांचा रॅक आहे. एवढ्याशा वयात कसलं आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, माझं सागवान जुनं आहे आणि मी एका जपानी सिनेमात काम केलेलं आहे. तेव्हा थोडा मान द्या.

नाओको नावाच्या दिग्दर्शिकेला शाळेवर सिनेमा काढायचा होता. बर्फाळ डोंगरातली एक शाळा बंद पडते आणि शेवटची विद्यार्थिनी घरी जाते, एवढीच गोष्ट. जपानात तो काढण्याची तिची ऐपत नव्हती. तिच्याबरोबर तिकडे शिकलेला आपला धम्मानंद म्हणाला, आमच्या नागपुरात एक शाळा या एप्रिलमध्ये खरोखरच बंद होते आहे. झालं, पाच-सात मंडळी कॅमेरा घेऊन आली.

जपानी मुलं शाळेत शिरताना बाहेरचे बूट दाराजवळच्या खणात ठेवतात आणि आतले पांढरे घालतात. म्हणून मी हवा होतो. धम्मानंदने लकडगंजातल्या शालिकराम मिस्त्रींना सांगितलं, "काका, आठ दिवस उभा राहिला तरी पुरे. प्लायचाच करा." मिस्त्रींनी मला एका जुन्या सागवानी तुळईतून घडवलं. धम्मानंदने डोक्याला हात लावला तेव्हा म्हणाले, "शाळेची वस्तू आठ दिवसाची करते का गा कोणी? माह्याच्यानं नाही झालं."

सिनेमा हिवाळ्यातला आणि बाहेर नागपूरचं ऊन. आवाज येतो म्हणून कूलर बंद. चेहरे दिसायचे ते जपानहून आलेल्या दोन मुलींचे. बाकीचा वर्ग म्हणजे इथल्या सातवीच्या पोरांचे पाय. लोकरी मोजे घालून, घामाने निथळत ती माझ्यात बूट ठेवत, काढत आणि एकमेकांना ढकलत. माझे चोवीसही खण भरलेले असायचे. ते सुख मला पुन्हा मिळालं नाही.

त्या पोरांत प्रीती होती. आपण सिनेमात दिसणार, असं तिने अख्ख्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. तिची आई कांताबाई शाळा झाडायची. प्रीती तिला रोज विचारायची, "मी दिसन नं वं?"

"दिसशीन," कांताबाई म्हणायची आणि झाडत राहायची.

शेवटच्या दिवशी नायिकेला ऊन बाधलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं परतीचं विमान होतं. तेव्हा शेवटचा प्रसंग प्रीतीला मिळाला, पण पाठमोरा. पांढरे बूट खणात ठेवायचे, बाहेरचे घालायचे आणि दारातून निघून जायचं.

"मॅडम, एक डाव मांगं पाहू का?" प्रीतीने विचारलं. नाओकोने बराच विचार केला आणि नाही म्हटलं. चेहरा दिसला असता तर नायिका बदललेली कळली असती.

प्रीती पहिल्यांदा वळली. दुसऱ्यांदाही वळली. हौसेने नव्हे, मी जवळून पाहिलं. उद्यापासून तिची स्वतःची शाळा उरणार नव्हती आणि तिचे डोळे भरले होते. तिसऱ्यांदा ती माझ्या खणात हात ठेवून जरा थांबली आणि सरळ निघून गेली.

शाळेला कुलूप लागलं. मला जवळच्या विहाराच्या सभागृहात, दाराशी आणून ठेवलं. वर्षभराने तिथेच सिनेमा दाखवला. सगळा मोहल्ला प्रीतीला शोधत होता. शेवटच्या प्रसंगाला कोणीतरी म्हणालं, "यात पोरगी कुठं आहे? सारे जपानीच तं आहे." प्रीतीने मान खाली घातली.

तेवढ्यात मागे कांताबाई उभी राहिली. "ते माही प्रीती आहे. डावा पाय कसा टाकून राहिली पाहा. मले पायावरून ओळखू येते."

धम्मानंदने तो प्रसंग पुन्हा लावला, आणि या वेळी सगळ्यांनी फक्त पाय पाहिले.

आता प्रीती लांबच्या शाळेत जाते. बाकीची पोरंही पांगली. माझ्यात रविवारी मोठ्या माणसांच्या चपला येतात, त्या मी नीट सांभाळतो. पण मला त्या पोरांची फार आठवण येते. मित्रांनो, मला पॉलिश नको, नवे खिळे नकोत. तुम्ही शाळेतून शेवटच्या दिवशी निघाल तेव्हा वळू नका, असं तुम्हाला कोणी म्हणणार नाही. तेवढं एकदा मागे वळून बघा. दाराशी उभं असलेल्यांना तुमचा चेहरा पाहायचा असतो.