निळ्या खड्याचे तीन दिवस

नीलम हा शनीचा खडा सगळ्यांना मानवत नाही म्हणतात, म्हणून तो आधी तीन दिवस घालून बघायचा. तेवढ्यात काही वाईट घडलं तर गुपचूप परत द्यायचा. हौसेरावनं शनिवारी बेलापूरच्या एका खडेवाल्याकडून असा नीलम अंगठीत बसवून आणला आणि मधल्या बोटात घातला. मार्केटात गोणी वाहून पाठीचा पार भुगा झाला होता, आणि हमालांच्या टोळीचा मुकादम होणं दोनदा हुकलं होतं. आता शनी महाराज बघून घेणार होते!

खडेवाल्यानं जाता जाता एक पुडी सोडली. "शनीला लाल चालत नाय. दारात लाल काय ठेवू नका."

आता दारात काय होतं? जुईनगरच्या त्या बैठ्या घरापुढं हौसेरावच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, चार हात जागेत बगिचा उभा केला होता. तांबडी जास्वंद, केशरी झेंडू, अबोली, पिवळी शेवंती, आणि एकाच झाडाला गुलाबी नि पिवळी फुलं देणारी गुलबक्षी. गुलबक्षीचं बी तिनं साताऱ्याहून पदरात बांधून आणलेलं. इथल्या भरावाच्या खारट मातीत काही जगत नव्हतं. तीन वर्षं शेणमाती वाहिली बाईनं. पोरबाळ नव्हतं. सकाळी उठून बघावं असं तिला जगात एवढंच होतं, उगाच कशाला लपवायचं?

रविवारी सकाळी ती खुरपं घेऊन झेंडूत बसली होती. हौसेराव कोयता घेऊन बाहेर आला आणि एका घावात त्यानं जास्वंद आडवी केली.

"अवो, काय करताय!"

"गप बस. खडेवाल्यानं सांगितलंय."

जास्वंदीपाशी थांबला असता तर एक वेळ ठीक. पण गडी चेकाळला. झेंडू गेला, अबोली गेली, मधे आली म्हणून शेवंतीही गेली. मुक्ताबाई गुलबक्षीला मिठी मारून बसली. त्यानं तिचे केस धरून ओढलं, कमरेत लाथ घातली. ओठ फुटला, तोंडात माती गेली. कोयता पुन्हा वर गेला तेव्हा मात्र बाईचं डोकं फिरलं.

"हात लावून तर बघ, मुडद्या!"

वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं. आणि खुरपं असं हाणलं, की मधलं बोट अंगठीसकट लोंबायला लागलं. हौसेराव गुरासारखा ओरडला. तरी तिनं खांद्यावर आणखी दोन घातले. शेजारची गिरजाबाई धावत आली, तिनं मुक्ताबाईला मागं ओढलं म्हणून गडी वाचला.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"नीलम लाभला न्हाय, सायेब," हौसेराव कण्हत म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी रिझल्ट दिला बघा. आजच परत करतो."

"लई कडक खडा असतोय," गिरजाबाईनंही मान डोलावली.

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमरेतली लाथ, फुटलेला ओठ, तीन वर्षांची मेहनत, सगळं त्या चिमूटभर दगडाच्या नावावर?

"डॉक्टर, दगडबिगड काय न्हाय. मी मारलं. ह्या हातानं." मग ती नवऱ्याकडं वळली. "तू माझी झाडं तोडलीस म्हणून मी तुझं बोट तोडलं. नीट ध्यानात ठेव. पुन्यांदा हात उचलायच्या आधी शनीला इचारू नको, मला इचार."

हौसेराव बायकोपासून हातभर मागं सरकला. एवढ्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच घाबरला.