वळचणीचा कोपरा

वळचणबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात एकोणीस वर्षं छपरांच्या कडाच काढत बसलं, की माणसाचं दुसरं काय होणार? भिंतीच्या बाहेर छप्पर किती काढायचं, वाशांची टोकं कशी कापायची, पन्हळ कुठे टांगायची, हे सगळं तिला विचारून व्हायचं. "वळचण खालून बघायची असते," असं ती येईल त्याला ऐकवायची. "पावसात अडकलेला माणूस कुठे उभा राहतो? खालीच ना?" सर हसायचे आणि तिचंच ऐकायचे.

मग नवी आली. वयाने निम्मी, बोलायला गोड, आणि कामाचा झपाटा असा की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. वळचणबाई सॉफ्टवेअर शिकली होती, नाही असं नाही. पण तिला दोन दिवस लागायचे ते छप्पर नवी जेवणाआधी उभं करायची आणि स्क्रीनवर गरागरा फिरवून दाखवायची. सर आता चहाचा कप घेऊन नवीच्या खुर्चीमागे उभे राहायला लागले. एकोणीस वर्षं तो कप वळचणबाईच्या खुर्चीमागे असायचा. तिचा नुसता तिळपापड झाला. तिने तो हसून लपवला, पण धड लपलाही नाही.

घरी जेवताना नवरा म्हणाला, "अगं, परवा ऑफिसखाली भेटली ती मुलगी. चांगली वाटली."

"तुला सगळ्याच चांगल्या वाटतात."

"ताईंकडून खूप शिकायला मिळतं, म्हणत होती."

"गोड बोलून केसाने गळा कापणारी आहे ती."

नवऱ्याने भाजी वाढून घेतली. कुठे थांबायचं हे त्याला संसाराने शिकवलं होतं.

खरं दुखणं होतं शाळेचं. एका मोठ्या शाळेचं काम ऑफिसला मिळालं होतं आणि तिचं छप्पर कोणाकडे द्यायचं, हे सर सोमवारी सांगणार होते. तोवर नवीच्या हातात एका वाचनालयाचं छप्पर होतं. ते सरळ पार पडलं, तर शाळाही तिचीच, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मंगळवारी नवी जेवायला गेली, तेव्हा वळचणबाईने वाचनालयाचं मॉडेल उघडलं. मदत करायला नव्हे, खोट काढायला. वरून सगळं देखणं होतं. मग तिने सवयीप्रमाणे नजर छपराखाली नेली आणि कोपऱ्यापाशी थांबली.

भिंती दोन्हीकडे सारख्याच उंच, पण छपराचे उतार वेगळे: एक तीस अंशांचा, दुसरा बावीसचा. आणि नवीने दोन्हीकडे छप्पर साठच सेंटीमीटर बाहेर काढलं होतं. तीव्र उताराची कड खाली उतरते, कमी उताराची वर राहते. कोपऱ्यावर दोन्ही कडा भेटतच नव्हत्या, मध्ये अर्ध्या वितीची पायरी पडली होती. तिथे पन्हळ वळणार कशी? कमी उताराचे वासे सव्वीस सेंटीमीटर लांब केले की झालं. पाच मिनिटांचं काम. पण कोपऱ्यासमोर नवीने एक हिरवंगार झाड उभं केलं होतं, त्यामुळे चित्रात काही दिसत नव्हतं.

वळचणबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने मॉडेल बंद केलं आणि मूग गिळून बसली.

ऑफिसची एक रीत होती. नकाशाचं शीट बाहेर जाण्याआधी सगळ्यांच्या टेबलांवरून फिरायचं, आणि खालच्या चौकटीत, कडेचा तपशील, म्हणजे मापं आणि जोड, ज्याने काढला त्याचं नाव असायचं. बुधवारी वाचनालयाचं शीट वळचणबाईच्या टेबलावर आलं. चौकटीवर तिने तळहात ठेवला. त्या पोरीचं नाव वाचायची तिची तयारी नव्हती. "बघितलं," असं म्हणून तिने सही केली आणि शीट पुढे सरकवलं.

सोमवारी सकाळी वाचनालयाच्या कामावरचा सुतार ऑफिसात आला. त्याने मोबाइलवरचा फोटो आणि घडी घातलेलं शीट सरांसमोर ठेवलं.

"साहेब, एका बाजूचे वासे सगळे आखूड. कापले ते कापले, आता लाकूड काही वाढत नाही."

सरांनी फोटो बघितला. मग त्यांनी चौकट वाचली, चष्मा काढला आणि मान वर केली ती नवीकडे नाही, वळचणबाईकडे.

"बाई, हे तुमचं?"

ती उठून बघायला गेली. चौकटीत तिचं नाव होतं. ऑफिसात ज्या नावाने तिला कुणीच हाक मारत नव्हतं ते, पूर्ण.

"सर, नाव मी घातलं," नवी उभी राहून म्हणाली. "तपशील ताईंचा आहे. त्यांच्या जुन्या शीटवरून मी जसाच्या तसा उचलला. आकडा ताईंचा, म्हणून मोजून बघितला नाही. पण तिथे दोन्ही उतार सारखे होते, इथे नाहीत. मी एकदा खालून बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

वळचणबाईच्या मनात आलं: इतकं सोपं असतं हे बोलणं? झपाट्याचा हेवा वाटला होता, सरांच्या चहाचा वाटला होता, पण असा जीव जाळणारा हेवा तिला आजवर कशाचाच वाटला नव्हता.

"बुधवारी तुम्हीही बघितलं होतंत ना, बाई?" सरांनी विचारलं. "नजरेतून सुटलं असेल."

सुटलं, एवढंच म्हणायचं होतं. सरांनी वाट करून दिली होती.

"मंगळवारी," ती म्हणाली. "मी मंगळवारीच बघितलं होतं. खालून."

नवी तिच्याकडे वळली. "मंगळवारी, बाई?" तिने विचारलं, आणि या वेळी तिच्या तोंडून 'ताई' आलं नाही.